सॅक्सोफोनवाल्याचे नाव

१९६५ च्या उन्हाळ्यात आमच्या मोताळ्यात एका सधन घरचे लग्न होते आणि वरातीसाठी मुद्दाम मलकापूरहून बँड आणला होता. लाल डगले, खांद्यावर सोनेरी झुपके, पुढे क्लॅरिनेट, मागे ताशा नि मोठा ढोल असा सगळा थाट. त्यात पन्नाशीचा एक वाळका माणूस गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेले वाकडे पितळी वाद्य वाजवीत होता. आम्हां पोरांना ते हुक्क्यासारखे दिसे. तेव्हा त्याचे बारसे आम्ही ‘हुक्केवाला’ असे करून टाकले होते.

मारुतीच्या देवळापाशी वरात थांबली. डोक्यावरच्या गॅसबत्त्या खाली उतरल्या, आणि हुक्केवाल्याने ‘काश्मीर की कली’तले शम्मी कपूरचे ते दारूच्या धुंदीतले गाणे सुरू केले. आदल्याच वर्षी आलेले हे चित्र. गाणे आम्ही एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलातल्या रेडिओवर पाठ केले होते. त्यात रफीचा आवाज थांबला की एक वाद्य असे काही बोलू लागते की गाणारा एक आहे की दोन, असा संभ्रम पडावा! ते वाद्य हेच, हे त्या रात्री कळले.

रेडिओ सिलोनवर गायकाचे नाव सांगत, कवीचे सांगत, संगीत ओ. पी. नय्यर यांचे हेही सांगत. मग हे वाजवणारा कोण? मी धीर करून हुक्केवाल्याला विचारले, “काका, रेकॉर्डवर हे कोण वाजवतं?”

तो पान जमवत म्हणाला, “नाव काही ठाव नाही, बाबू. पण तो दम कुठी घेते, थे ठाव हाय मले.”

नाव मला फार वर्षांनी कळले. मनोहारी सिंग. जन्म १९३१, कलकत्त्याच्या एका नेपाळी कुटुंबातला. बाटानगरच्या जोड्यांच्या कारखान्याच्या बँडमध्ये तो वाजवीत असे. म्हणजे हाही मुळात बँडवालाच की! १९५८ साली सलील चौधरींच्या सांगण्यावरून तो मुंबईस आला आणि सचिनदेव बर्मन यांच्याकडे वाजवू लागला. ‘गाईड’, ‘ज्वेल थीफ’, ‘आराधना’ या चित्रांची गाणी आपण गुणगुणतो, तेव्हा त्यातला सॅक्सोफोनही नकळत गुणगुणत असतो. तो वाजवणारा हाच.

सॅक्सोफोन हे वाद्य मोठे गमतीचे. १८४६ साली आदोल्फ साक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने पॅरिसला त्याचे पेटंट घेतले. अंग सगळे पितळेचे, पण तोंडाशी वेताची पातळ पट्टी. म्हणून जाणकार त्याची गणना पितळी वाद्यांत न करता बासरी-क्लॅरिनेटच्या पंक्तीत करतात. आपल्या सनईच्या तोंडाशीही पत्तीच असते. तेव्हा हे वाद्य लग्नात घुसले, यात नवल ते काय?

अमेरिकेत निग्रो वादकांनी या वाद्याला जाझमध्ये जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा कळस म्हणजे चार्ली पार्कर. कॅन्सस सिटीचा हा तुफानी वादक मनाला येईल तसा उधळणारा. पण त्याच्या मनात एक हौस होती, ती व्हायोलिनच्या ताफ्यासह वाजवण्याची. ती ३० नोव्हेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पुरी झाली. त्या दिवशी सहा गाणी मुद्रित झाली. सारी जुनी, लोकांच्या तोंडची. जाझवाले अशा गाण्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. आपल्याकडे नाट्यपदांचे जसे आहे तसेच हे. चाल सर्वांना पाठ. प्रश्न इतकाच की आजचा गवई तिचे काय करतो?

पुष्कळांनी नाके मुरडली. वाघाला मखमलीच्या गादीवर बसवले म्हणाले! पार्करला मात्र त्यातले ‘जस्ट फ्रेंड्स’ मनापासून आवडे. माझे मत विचाराल तर तोच खरा. आपल्या बैठकीत सारंगीवाला गवयाच्या मागून जातो. इथे व्हायोलिनवाल्यांपुढे कागद, ते रेसभर हलणार नाहीत. लेझीमचे पथक ठरल्या पावलांनी चालावे आणि मधल्या एकाने वाटेल तसे नाचून नेमक्या ठेक्याला पुन्हा ओळीत यावे, तसा हा प्रकार.

मुंबईत कागद वाचून वाजवणारे आले ते मुख्यत्वे गोव्याहून. तिथल्या चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी नि व्हायोलिन शिकवीत. मिकी कोरिया या सॅक्सोफोनवाल्याचा बँड १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमहाल हॉटेलात वाजत होता. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या चालींना व्हायोलिनांचा साज लिहून देत, आणि प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. या मंडळींच्या व्हायोलिनांपुढे मनोहारी उभा राही. मात्र त्याला पार्करसारखी मोकळी सोडवण नव्हती. गाणे साडेतीन मिनिटांचे, त्यात त्याच्या वाट्याला चार-आठ मात्रांची फट. एकाची चूक झाली की साऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून!

१९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘रागा जाझ स्टाइल’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तोडी, भैरव, मालकंसापासून भैरवीपर्यंत अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी. पुढे सिनेगीतांच्या त्याच्या सॅक्सोफोनच्या स्वतंत्र तबकड्याही निघाल्या. म्हणजे आपली ‘स्टँडर्ड’ गाणी त्याने वाजवलीच, आणि वेष्टनावर नावही आले. परंतु चित्रपटांच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची रीत नव्हती ती नव्हतीच. राहुलदेव बर्मन यांचा सहायक म्हणून तो अनेक वर्षे राबला. १९८० नंतर इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली आणि व्हायोलिनचे ताफे हळूहळू पांगले. १३ जुलै २०१० रोजी मुंबईत मनोहारी सिंग गेला.

मोताळ्यात आता वराती डीजेच्या गाड्यांमागून जातात. हुक्केवाला कुठला नि कोण, याचा पत्ता मला लागला नाही.

परवा रात्री ‘जस्ट फ्रेंड्स’ लावले आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे दम कुठे घेतला जातो तेवढेच ऐकत बसलो. व्हायोलिनला दम लागत नाही. गज उलटला की सूर पुढे चालू. पार्कर श्वासासाठी थांबतो तेव्हा त्याच्या मागची जागा रिकामी पडत नाही, तिथे व्हायोलिने असतात. देवळापाशी त्या रात्री मागे व्हायोलिने नव्हती. हुक्केवाला दम घ्यायला थांबे तेव्हा एकटा ताशा वाजत राही, आणि त्याच्या कपाळावरचा घाम गॅसबत्तीच्या उजेडात आम्हांला स्पष्ट दिसे.