मोठा केक, लांबचा रस्ता

रेडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावातल्या घरगुती ओव्हनमध्ये तीन-चार किलोंचा केक एका ट्रेमध्ये मावत नाही. तो दोन भागांत भाजून जोडावा लागतो. केक पूर्ण निवू द्या, मग फुगलेला माथा उतरवून कडा सरळ कापा. कापलेल्या बाजूंना घट्ट क्रीमचा पातळ थर लावून त्या अलगद भिडवा. सगळीकडून क्रीमचा एक हलका हात फिरवून तासभर फ्रीजमध्ये ठेवलं, की सांधा धरतो आणि चुराही सुटत नाही.

मजल्यांचा केक असेल तर खालच्यात त्याच्याच उंचीच्या जाड स्ट्रॉ उभ्या रोवा. वरचा केक आपल्या पुठ्ठ्यासकट त्या खांबांवर बसतो, खालच्याला चेपत नाही.

आपल्या किनाऱ्यावर खरी भीती दमट हवेची. तीस अंशांच्या तापमानात क्रीममधलं लोणी मऊ पडतं. फ्रीजमधून काढलेल्या फाँडंटवर, म्हणजे साखरेच्या आवरणावर, तर बघता बघता पाणी धरतं. म्हणून केक सावंतवाडीला न्यायचा असेल तर सकाळी लवकर निघा, मजले वेगळे न्या. केक मांडीवर घेऊन बसू नका, मांडी कधीच सपाट नसते. गाडीच्या तळाशी रबरी जाळी, तिच्यावर खोका, एसी आधीपासून चालू. फुलं आणि नाव हॉलवर पोचल्यावर. डागडुजीसाठी क्रीमची एक भरलेली पिशवी सोबत असू द्या.