शॅमेलिऑनचा वनस्पतियुक्त पिंजरा

शॅमेलिऑनचा वनस्पतियुक्त पिंजरा म्हणजे या वृक्षवासी सरड्याला बंदिवासातही झाडावरचे जीवन जगता यावे म्हणून जिवंत झाडे, फांद्या व माती वापरून उभारलेला मोठा, हवेशीर पिंजरा होय. शोभेच्या काचपेटीहून तो वेगळा असतो. त्यातील झाडे सजावटीसाठी नसून आडोसा, पाणी व वावर यांची सोय म्हणून लावलेली असतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील सदनिकांत असा पिंजरा उभारताना कायदा आणि उष्ण-दमट हवामान यांचा विचार आधी करावा लागतो.

कायदेशीर स्थिती

भारतात शॅमेलिऑनची एकच जाती आढळते. तिला मराठीत घोयरा किंवा सरडगुहिरा म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव कॅमिलिओ झेलॅनिकस आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ही जाती संरक्षित असून तिला पकडणे, पाळणे वा विकणे गुन्हा आहे. पिंजरा कितीही उत्तम असला, तरी रानात किंवा आवारात सापडलेला घोयरा त्यात ठेवता येत नाही. जखमी घोयरा आढळल्यास वनविभागाला कळवावे.

येमेन व सौदी अरेबियातील व्हेल्ड आणि मादागास्करमधील पँथर या परदेशी जाती पाळल्या जातात. त्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्या आधारे २०२४ साली केलेल्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे.

रचना

व्हेल्ड जातीचा नर शेपटीसह सुमारे ६० सेंमी. लांब होऊ शकतो. पूर्ण वाढलेल्या नरासाठी ६० × ६० × १२० सेंमी. हे किमान माप मानले जाते. रुंदीइतकेच उंचीला महत्त्व असते, कारण धोका जाणवताच हा प्राणी वर चढतो. बसण्याच्या फांद्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीहून उंच असाव्यात. बाजूंना न गंजणारी बारीक जाळी लावतात. शॅमेलिऑन एकलकोंडा असल्याने एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवतात. दुसरा शॅमेलिऑन सतत नजरेसमोर असला, तरी त्याला ताण येतो.

वनस्पती व माती

जास्वंद, मनी प्लँट, अंब्रेला प्लँट व वीपिंग फिग या झाडांचा वापर होतो. व्हेल्ड पानेही खातो. म्हणून कण्हेर, रुई व डिफेनबेकिया यांसारखी विषारी झाडे टाळावीत. रोपवाटिकेतील रोपांवर कीटकनाशक असण्याची शक्यता असते. ती धुऊन, माती बदलून काही आठवडे वेगळी ठेवावीत. आडव्या व तिरप्या फांद्यांची जाडी पंजाच्या पकडीत मावेल इतकी असावी.

मादीसाठी सुमारे ३० सेंमी. खोल ओलसर माती आवश्यक असते. नराशी संयोग झाला नसतानाही ती अंडी घालू शकते. खणायला जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडकून ती दगावण्याचा धोका असतो.

पाणी व प्रकाश

शॅमेलिऑन सहसा वाटीतील पाणी पीत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. त्यामुळे फवारणी व ठिबक यांची सोय करतात आणि तळाशी निचऱ्याचा थर ठेवतात. जीवनसत्त्व ड-३ तयार होण्यासाठी अतिनील-ब किरणांची गरज असते. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येत नाहीत, म्हणून विशेष नळीदिवा वापरतात. या किरणांच्या व कॅल्शियमच्या अभावी हाडे मऊ होऊन वाकतात.

ठाणे परिसरातील हवामान

पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत ऊब आणि आर्द्रता वाढवण्यावर भर असतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे अडचण बहुतेक वेळा उलट असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि रात्रीही फारसा गारवा नसतो. शॅमेलिऑनला मात्र रात्री तापमान उतरलेले हवे असते. अशा वेळी उष्णता देणारा दिवा बंद ठेवून हवा खेळती ठेवणे महत्त्वाचे ठरते. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने फवारणी कमी करतात; अन्यथा बुरशी वाढते व श्वसनविकार जडतात. सज्जात पिंजरा ठेवल्यास निम्मा भाग सदैव सावलीत हवा. काचपेटी उन्हात ठेवल्यास आतील प्राणी थोड्याच वेळात उष्माघाताने मरू शकतो.

रंगाविषयी समज

शॅमेलिऑन पार्श्वभूमीशी जुळण्यासाठीच रंग बदलतो, हा समज चुकीचा आहे. रंगातून त्याची मनःस्थिती व शरीराच्या तापमानाची गरज दिसते. गार वाटल्यास तो ऊन शोषण्यासाठी गडद होतो. सतत गडद राहणे हे ताणाचे किंवा आजाराचे लक्षण असू शकते. त्यामुळे पिंजरा योग्य आहे की नाही, हे झाडांच्या टवटवीपेक्षा प्राण्याच्या रंगावरून व वर्तनावरून ओळखतात.

घोयऱ्याचा अधिवास

घोयरा झुडपांत व झाडांवर राहतो आणि अंडी जमिनीत घालतो. तो बिनविषारी आहे. तरी विषारी समजून त्याला मारले जाते, आणि संथ चालीमुळे तो रस्त्यावर वाहनांखालीही येतो. मराठीत ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ अशी म्हण आहे. घोयऱ्याच्या बाबतीत मात्र जिवंत झाडाझुडपांचे कुंपण हेच निवासस्थान ठरू शकते. ते राखणे हा त्याच्या संवर्धनाचा पिंजऱ्याविना मार्ग आहे.