पंचांगातील पाऊस

मारतहळ्ळी हे आज बंगळूरूच्या पूर्वेकडील गजबजलेले उपनगर आहे. परंतु नावातील 'हळ्ळी' या कन्नड शब्दाचा अर्थ खेडे असाच होतो. शहराबाहेरच्या कोरडवाहू भागात नाचणी हे प्रमुख पीक आहे. तेथील शेतकरी पावसाला नक्षत्राच्या नावाने ओळखतो. मराठी शेतकरी 'मृगाचा पाऊस' म्हणतो. कन्नड शेतकरी त्याच नक्षत्राच्या नावापुढे 'मळे', म्हणजे पाऊस, हा शब्द जोडतो. भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 साली झाली, तरी ही जुनी गणना लोकव्यवहारातून गेलेली नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर पंचांगाच्या रचनेत सापडते. तिथी व महिने चंद्रावर चालतात, म्हणून ते ऋतूंच्या मानाने मागेपुढे होतात. पावसाची नक्षत्रे मात्र सूर्याच्या स्थानावरून ठरतात. सूर्य वर्षभरात 27 नक्षत्रे ओलांडतो. एका नक्षत्राच्या वाट्याला सुमारे साडेतेरा दिवस येतात. मृग 8 जूनच्या आसपास लागतो, हस्त 27 सप्टेंबरच्या आसपास. या तारखा सुमारे 72 वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतात. एका पिढीला हा फरक जाणवतही नाही. नांगरणीपासून कापणीपर्यंतच्या कामांना अशी स्थिर मोजपट्टी लाभली.

मोजपट्टी एक असली, तरी तिच्यावरील खुणा प्रत्येक प्रदेशाने स्वानुभवाने केल्या. कोकणात मृगाकडे डोळे लागतात. बंगळूरूच्या परिसरात पावसाचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे उत्तरा, हस्त व चित्रा या नक्षत्रांत अधिक असतो.

पंचांगातील दुसरा भाग भाकिताचा. सूर्य नक्षत्रात प्रवेश करतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे, ते मोजून येणाऱ्या संख्येस नऊने भागतात व बाकीवरून वाहन ठरवितात. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर भरपूर पाऊस, असा समज आहे. पण हे वाहन कोकणाला आणि माणदेशाला एकच असते. दोहोंचा पाऊस मात्र कधीच सारखा नसतो. वाहनावर विसंबून पेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, तर बियाणे वाया जाते व दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो.

हे आकर्षण केवळ भारतापुरते नाही. अमेरिकेत 1792 साली निघालेले 'ओल्ड फार्मर्स अल्मनॅक' हे वार्षिकही सूर्योदयाच्या वेळा, चंद्रकला आणि वर्षभराचे हवामान एकाच पुस्तकात देत आले आहे. अचूक गणिताशेजारी छापलेल्या भाकितालाही गणिताची प्रतिष्ठा मिळते, हे दोन्हीकडे दिसते.

पंचांग टिकले ते त्याने शेतीच्या कामांना काळाचे मोजमाप दिले म्हणून. नक्षत्र कोणते, हे ते बिनचूक सांगते; पाऊस येईल की नाही, यासाठी आकाश, जमिनीतील ओल आणि हवामानाचा ताजा अंदाज यांचाच आधार घ्यावा लागतो.