जवसाचं तेल आणि शाल-श्रीफळ

रायपूरच्या तात्यापाऱ्यात माझं मेडिकल आहे. चाळीस वर्षं काउंटरवर काढली, आता मुलगा बघतो आणि मी गल्ल्याशेजारी पेपर वाचत बसतो. परवा न्यू जर्सीतल्या नातवाचा फोन आला. तो बेसबॉलचा वेडा. म्हणाला, "आजोबा, तुम्ही औषधांतले जाणकार, सांगा. जवसाच्या तेलाने कुणाचे दंड फुगतात का?"

मला आधी हसू आलं. आमच्याकडे जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या होते आणि दंड आहेत तसेच आहेत.

गोष्ट बॅरी बॉन्ड्सची होती. अमेरिकन बेसबॉलमध्ये सर्वांत जास्त होम रन त्याच्या नावावर, ७६२. होम रन म्हणजे आपला षटकार समजा. २००३ साली ग्रँड ज्युरीपुढे त्याने सांगितलं, की ट्रेनरने दिलेले थेंब मी जवसाचं तेल समजून घेतले आणि मलम सांधेदुखीचं समजून चोळलं. दोन्हींत स्टेरॉइड होतं, असा आरोप. जवसाच्या तेलाचा वास ज्याने एकदा घेतलाय, तो दुसऱ्या कशाला जवस म्हणणार नाही. तिकडचं बिनवासाचं असेल, सोडा.

बेसबॉलवाल्यांचं एक सन्मानमंदिर आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावात. तिथे कोण बसणार हे जुनेजाणते क्रीडापत्रकार मतं देऊन ठरवतात. ७५ टक्के मतं हवीत आणि संधी १० वर्षं. खेळासोबत सचोटी आणि चारित्र्यही बघायचं, असं नियमातच लिहिलंय. बॉन्ड्स शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, ६६ टक्क्यांवर अडकला. रॉजर क्लेमेन्स हा तितकाच मोठा गोलंदाज, तोही तसाच बाहेर राहिला. गंमत म्हणजे त्याच वर्षी डेव्हिड ऑर्टिझ आत गेला. २००३ च्या गुप्त चाचणीत दोषी आढळलेल्यांच्या यादीत त्याचं नाव असल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, तरीही. आणि स्टेरॉइडचं हे सगळं चालू असताना खेळाची सूत्रं ज्यांच्या हाती होती, ते कमिशनर बड सेलिग २०१७ मध्येच तिथे विराजमान झाले होते. गड्याला उंबऱ्यावर अडवलं आणि मालकाला मखरात बसवलं.

नातवाला हा अमेरिकेचा प्रश्न वाटतो. मी त्याला शेन वॉर्नचं सांगितलं. २००३ च्या विश्वचषकातून वॉर्नला परत पाठवलं, वर्षभराची बंदी घातली. त्याच्या नमुन्यात सापडलं ते लघवी वाढवणारं औषध. आमच्याकडे रक्तदाबाच्या गोळ्यांत हेच घटक रोज विकले जातात. वॉर्न म्हणाला, आईने बारीक व्हायला गोळी दिली. अशा औषधाने दुसरं काही लपवताही येतं, म्हणून ते बंद यादीत. तरी २०१३ मध्ये आयसीसीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. कुणी हू की चू केलं नाही.

आपल्याकडे हॉल ऑफ फेमच्या जागी अर्जुन पुरस्कार धरा. २०१४ मध्ये बॉक्सर मनोजकुमारला तो नाकारला गेला, का, तर निवड समितीचा समज झाला की हा डोपिंगमध्ये सापडलेला आहे. तो सापडलेला नव्हताच! दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा पुरस्कार मिळाला. बॉक्सर अमित पंघालचं उलट. २०१२ मध्ये तो पोरसवदा होता, नमुन्यात स्टेरॉइड निघालं, कांजिण्यांवरच्या उपचारातून ते आलं असं त्याचं म्हणणं. वर्षाची बंदी भोगली, पुढे २०१८ ला आशियाई सुवर्णपदक आणलं, तरी अर्जुनसाठी तो जुना डाग आडवा आला. बंदी भोगून झालेल्यांना पुरस्काराचं दार उघडायला २०२१ उजाडलं. मला तो बदल पटला. शिक्षा संपली की संपली.

पण नुसता संशय असेल तर? मणिपूरची वेटलिफ्टर संजिता चानू, तिची हकीकत बघा. राष्ट्रकुल स्पर्धेत दोनदा सुवर्ण. २०१८ मध्ये बातमी आली, नमुन्यात टेस्टोस्टेरॉन. मग कळलं की नमुन्याच्या क्रमांकातच घोळ आहे. उच्च न्यायालयाने सांगितलं, पुरस्काराचा निर्णय करा आणि पाकिटात बंद करून ठेवा. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने आरोप मागे घेतला, पाकीट फुटलं, अर्जुन मिळाला. इथे गोष्ट संपली असती तर किती बरं. २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तिच्या नमुन्यात ड्रोस्टॅनोलोन निघालं आणि ४ वर्षांची बंदी आली. यावरून पहिल्या वेळीही ती दोषीच असणार, असं म्हणणारे मला दुकानात भेटले. मी म्हटलं, आजची चिठ्ठी कालच्या बिलाला जोडता येत नाही. बंद पाकिटाची ती युक्ती मला अजूनही सगळ्यांत शहाणी वाटते.

नरसिंग यादव तर आपल्या महाराष्ट्राचा गडी. २०११ ते २०१३, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर २०१६ मध्ये मेथॅन्डिएनोन सापडलं. जेवणात कुणीतरी मिसळलं, असं तो म्हणाला. नाडाने, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, १ ऑगस्टला मोकळं सोडलं, १८ ऑगस्टला क्रीडा लवादाने ४ वर्षं बंदी घातली. तज्ज्ञांचं म्हणणं पडलं की हे प्रमाण पाण्यात कालवलेल्या भुकटीचं नव्हे, एकदोन गोळ्या पोटात गेल्याचं आहे. औषधवाला म्हणून मला हा मुद्दा कळतो. गोळी कुणाच्या हाताने गेली, हे मात्र त्यातून कळत नाही. नियमाला ते लागतही नाही; नमुन्यात निघालं की जबाबदार खेळाडू. पण आधी मैदान मारून आणलेल्या त्या तीन गदांचा याच्याशी काय संबंध? त्या त्याच्याच.

हे मी इतक्या तावातावाने बोलतो, त्याला कारण आहे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आखाड्यात जाणारा एकोणीस वर्षांचा पोरगा दुकानात आला. नॅन्ड्रोलोनचं इंजेक्शन मागितलं. हे औषध तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना ताकदीसाठी लिहून देत. चिठ्ठी नव्हती. मला कळलं, त्यालाही कळलं की मला कळलंय. मी दिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिलं. मग हिशेब ठेवला नाही. तो शरीरसौष्ठवात पहिला आला. त्या भाद्रपदात आमच्या मंडळाच्या गणपतीपुढे त्याचा सत्कार झाला, आणि मंडळाचा खजिनदार म्हणून शाल त्याच्या खांद्यावर मीच घातली. नारळ देताना त्याने वाकून नमस्कार केला. त्याचा फोटो अजून मंडळाच्या कपाटात आहे. दोघेही हसतोय.

२०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले, त्यांतले २१३ सदोष निघाले. भरपूर चाचण्या करणाऱ्या देशांत सर्वांत वाईट प्रमाण आपलं. सापडलेल्यांची नावं कुठे ना कुठे छापून येतात. त्यांना माल देणाऱ्या काउंटरांची यादी मी अजून पाहिलेली नाही.

तो आखाड्यातला पोरगा आता पन्नाशीला आलाय. अधूनमधून रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतो. मागच्या महिन्यात मुलगा जेवायला घरी गेला होता, म्हणून मी उठलो आणि सवयीने म्हटलं, "चिठ्ठी दाखव."

त्याने खिशातून काढून दिली आणि म्हणाला, "काका, आता मागता होय?"