महामार्गावरचा युरिया आणि काळ्या दगडातली जाळी

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळा करत बीडकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या पंपांवर 20 लिटरच्या बादल्या रचलेल्या दिसतात. ड्रायव्हर मंडळी त्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात. सोयाबीन आणि उसाच्या या मुलखात युरिया म्हणजे खत. तो ट्रकला कशाला लागतो? याचं उत्तर प्रत्येक शाळेत सांगावं इतकं सुंदर आहे.

हवेत 78 टक्के नायट्रोजन. एरवी तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. पण भट्टीत किंवा इंजिनात ज्वाळा 1500 अंशांच्या वर तापली, की तो ऑक्सिजनला चिकटतो आणि नायट्रिक ऑक्साइड होतो. बाहेर पडल्यावर त्याचाच तांबूस, विषारी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. तो फुप्फुसांना जाळतो, उन्हात जमिनीलगत ओझोन तयार करतो, पावसात आम्ल मिसळतो. एकदा जडलेली ही जोडी थंड झाल्यावर आपणहून सुटत नाही.

ती सोडवायची युक्ती आधी कारखान्यांसाठी निघाली. अमोनिया आणि उत्प्रेरक वापरून हे वायू मोडण्याचं पेटंट अमेरिकेत एंगलहार्ड कंपनीने 1957 मध्ये घेतलं. 1970 च्या दशकात जपानने टायटॅनियम ऑक्साइडवर व्हॅनेडियमचा थर देऊन ती वीजकेंद्रांच्या धुराड्यांपर्यंत नेली. धूर 300 ते 400 अंशांवर या उत्प्रेरकाच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या ठोकळ्यांतून जातो आणि उरतं ते नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. धुरात भरपूर ऑक्सिजन असूनही अमोनिया त्याच्यात जळून जात नाही, नेमका नायट्रिक ऑक्साइडलाच गाठतो. खुणेचा जड नायट्रोजन वापरून केलेल्या प्रयोगांत याहून थक्क करणारी गोष्ट दिसली: बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनच्या रेणूतला एक अणू धुरातला असतो, दुसरा अमोनियातला.

ट्रकवर अमोनियाची टाकी वाहणं धोक्याचं. म्हणून 32.5 टक्के युरिया विरघळवलेलं शुद्ध पाणी गरम धुरात फवारतात आणि तिथेच अमोनिया तयार होतो. 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-6 नियम आले आणि ही धुराड्यातली विद्या धाराशिवच्या रस्त्यावर सर्रास दिसू लागली. शेतातल्या गोणीतला युरिया मात्र त्या टाकीत कधीही घालू नये. त्याला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, शिवाय इतर अशुद्धी. त्यांनी फवारा तुंबतो आणि महागडा उत्प्रेरक निकामी होतो.

ट्रकांत व्हॅनेडियमखेरीज दुसराही उत्प्रेरक चालतो: तांबं भरलेला झिओलाइट, म्हणजे अतिसूक्ष्म भोकांचा स्फटिक. त्याला गंधक सोसत नाही, पण बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत 10 भागांवर आल्याने त्याची वाट मोकळी झाली. झिओलाइटच्या एसएसझेड-13 या प्रकाराची भोकं मिलिमीटरच्या सुमारे 26 लाखाव्या भागाएवढी. हा प्रयोगशाळेत घडवलेला पदार्थ, पण त्याची अणूंची जाळी चॅबेझाइट या खनिजाची आहे, आणि चॅबेझाइट दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडतं. नळदुर्गचा किल्ला आणि धाराशिवची लेणी ज्या खडकात उभी आहेत, तोच हा दगड. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं आणि बुडबुड्यांच्या जागी स्फटिक वाढले. नैसर्गिक चॅबेझाइटची जाळी धुरातल्या तापलेल्या वाफेत टिकत नाही, म्हणून सिलिका वाढवून ती नव्याने घडवावी लागली. दख्खनच्या दगडातले झिओलाइटचे स्फटिक पाहायचे असतील, तर ते सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडलेले आहेत.