सावलीलाही जागा हवी

कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपाकडून दाराकडे कॅमेरा वळवला की पेच पडतो. लेण्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर नालाकृती गवाक्षातून लख्ख उजेड आत येतो. स्तंभांमागच्या अरुंद वाटा मात्र अंधारातच राहतात. गवाक्षाला धरून एक्स्पोजर ठेवलं तर स्तंभ काळेठिक्कर, स्तंभांना धरून ठेवलं तर गवाक्षाच्या जागी नुसता पांढरा डाग.

यावरचा उपाय म्हणजे एचडीआर, अर्थात हाय डायनॅमिक रेंज. परवानगी काढून ट्रायपॉड लावायचा आणि त्याच चौकटीचे तीन फोटो घ्यायचे: एक नेहमीचा, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. एका स्टॉपला प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होतो. म्हणजे सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ फोटोत सोळा पटींचा फरक. सॉफ्टवेअर तिन्ही फोटो एकत्र करतं. पण उजेड-अंधाराची एवढी मोठी कक्षा छापील कागदावर मावत नाही, म्हणून ती दाबून बसवावी लागते. याला टोन मॅपिंग म्हणतात आणि भांडणं बहुतेक इथेच होतात.

एचडीआरचे समर्थक म्हणतात, डोळ्याला गवाक्षही दिसतं आणि स्तंभही. मग फोटोत दोन्ही का नकोत? विरोधक म्हणतात, डोळा एकावरून दुसऱ्याकडे फिरतो, दर वेळी उजेडाशी जुळवून घेतो. सगळं एकदम सारखं उजळ कधीच दिसत नाही. मला दोघांचंही पटतं. हा खटाटोप नवाही नाही. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५७ च्या ‘द ग्रेट वेव्ह’मध्ये आकाश आणि समुद्र दोन वेगळ्या निगेटिव्हवरून छापले. अन्सेल अॅडम्स यांनी १९४१ च्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’चं आकाश डार्करूममध्ये वर्षानुवर्षं अधिकाधिक गडद केलं.

त्यामुळे हस्तक्षेप केला म्हणून फोटो खोटा ठरत नाही. पण अतिरेक झाला की बिघडतो. कार्ल्याच्या फोटोत सावल्या उजळणारा शॅडोचा स्लायडर वाजवीपेक्षा पुढे ढकलून बघा. गवाक्षाशेजारच्या स्तंभाच्या कडेला पांढरी प्रभा उमटते. स्तंभशीर्षावरचे हत्ती आणि त्यांच्यावरचे स्वार प्लॅस्टिकचे वाटू लागतात. छताच्या सागवानी कमानी, दोन हजार वर्षं जुन्या, जमिनीइतक्याच उजळतात. मग उजेड येतो कुठून, हेच कळत नाही. माझी कसोटी हीच: फोटो बघणाऱ्याला प्रकाशाची दिशा सांगता आली पाहिजे.

अर्थात हेतूनुसार ही कसोटी सैल किंवा कडक होते. दगडाला गेलेली भेग संवर्धनासाठी नोंदवायची असेल, तर मी प्रत्येक सावली उघडीन. लेण्याचा अनुभव पोहोचवायचा असेल, तर अंधार राखीन. बातमीच्या फोटोत हात आणखी आखडता हवा. २०१३ मध्ये छायाचित्रकार पॉल हान्सन यांनी काढलेल्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या पुरस्कारप्राप्त फोटोवर बनावटपणाचा आरोप झाला. तज्ज्ञांच्या तपासणीत तो जोडकाम नसल्याचं, फक्त छटांवर काम झाल्याचं निष्पन्न झालं. तरी एवढ्या चकचकीतपणाने वाचकाचा विश्वास डळमळला, हे विसरून चालणार नाही.

आज बहुतेक फोन न विचारताच अनेक फ्रेम जुळवून सावल्या उजळतात. म्हणून फोटो काढताना उजळ भागावर बोट टेकवा, एक्स्पोजर थोडं खाली ओढा आणि फोनने आपसूक काढलेला व हा, असे दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. किती अंधार ठेवायचा हे ठरवणं फोटोग्राफीचा गाभा आहे. तो निर्णय यंत्रावर सोपवू नये.