आडनाव काय म्हणालात?

परदेशात मास्टर्स करायला गेलं की एखादी स्टडी ट्रिप नशिबात येतेच. कुणी ब्रसेल्सला जाऊन युरोपियन पार्लमेंट बघून येतं, कुणी जिनिव्हाला जाऊन चॉकलेटं घेऊन येतं. व्हिएन्नातल्या आमच्या बॅचच्या वाट्याला २०२३च्या मे महिन्यात आलं ते बोस्निया!

‘‘बोस्निया? तिकडे युद्ध चालू आहे ना गं?’’ फोनवर आईचा पहिला प्रश्न.

‘‘अगं, ते १९९५ला संपलं.’’

‘‘मग आता काय बघणार तिथे?’’

हे मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगायचं तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. माझ्या डोक्यातलं बोस्निया म्हणजे लहानपणी दूरदर्शनच्या बातम्यांमध्ये ऐकलेलं ‘साराजेव्हो’ हे नाव, बस्स. त्यातून या ट्रिपच्या फील्ड डायरीला तीस टक्के मार्क. म्हणजे जाणं भागच होतं.

निघायच्या आदल्या दिवशी प्रोफेसरबाईंनी आम्हा चौदा जणांना बसवून तीन नियम सांगितले. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. ‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ असा टीव्ही रिपोर्टरछाप प्रश्न विचारायचा नाही. आणि कुणालाही ‘तू यातल्या कोणाचा?’ असं विचारायचं नाही. सांगायचं असेल तर ते स्वतःहून सांगतील. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘तुला माहीत असेलच, तिथल्या युनोच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख तुमच्या देशाचे होते.’’ मला कुठलं माहीत असायला! रात्री शोधलं तर लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मार्च १९९२ ते मार्च १९९३. आणि मूळ पलटण कुठली, तर मराठा लाइट इन्फंट्री! आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं.

रात्रभर बस. पहाटे सावा नदीच्या पुलावर पासपोर्ट तपासले गेले आणि आम्ही बोस्नियात शिरलो. हिरवेगार डोंगर, गवताच्या गंज्या, लाल कौलांची घरं. थेट कोकणच आठवावं! मग लक्षात येतं, की दोन नव्याकोऱ्या घरांच्या मध्ये एक घर आहे ज्याला छप्परच नाही आणि आतून झाड वर आलंय. रस्त्याकडेला कवटीचं चित्र असलेल्या लाल पाट्या. या रानात शिरू नका, सुरुंग आहेत. बसमधली गाणी आपोआप बंद झाली.

साराजेव्हो वाडग्यासारखं आहे. मधे शहर, चहूबाजूंनी डोंगर. ट्रेबेविच डोंगरावर जाणारा रोपवे युद्धात बंद पडला होता, तो २०१८ला पुन्हा सुरू झाला. वर १९८४च्या हिवाळी ऑलिम्पिकचा बॉबस्लेचा सिमेंटचा ट्रॅक आहे, आता सगळा ग्राफिटीने रंगलेला. फोटो एकदम झक्कास येतात. पण युद्धात याच डोंगरावरून खाली तोफा डागल्या जायच्या. कठड्यापाशी उभं राहिलं की कळतं, नेम धरायचीसुद्धा गरज नव्हती. वेताळ टेकडी, तळजाई, कात्रजचा घाट, सगळीकडे तोफा लावल्यात आणि मधे आपलं पुणं आहे अशी कल्पना करा. आता तीच कल्पना १४२५ दिवस चालू ठेवा. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६. वेढ्याला वीस वर्षं झाली तेव्हा, २०१२ला, शहराच्या मुख्य रस्त्यावर मेलेल्यांसाठी ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या. लहान मुलांसाठी लहान खुर्च्या.

आता माझा घोटाळा सांगते. पहिल्याच दुपारी केला.

बाश्चार्शिया म्हणजे साराजेव्होचा जुना बाजार. तांब्याच्या भांड्यांची दुकानं, कबुतरं, कोळशावर भाजलेल्या चेवापींचा वास. (शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, पालकाची झेलियानित्सा मिळते. फक्त तिला ‘बुरेक’ म्हणू नका. साराजेव्होत बुरेक फक्त खिम्याचा! यावर तिथे लोक खरोखर भांडतात.) आमची गाईड तिथल्याच विद्यापीठात शिकलेली, युद्ध संपलं त्या वर्षी जन्मलेली. म्हणजे माझ्याच वयाची. तांब्याच्या जेझ्व्यातली कॉफी कशी ओतायची, साखरेचा खडा कॉफीत बुडवून कसा चावायचा, हे ती मला शिकवत होती. गप्पा मस्त रंगल्या होत्या. आपल्याकडे गप्पा रंगल्या की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो माझ्या तोंडून गेलाच.

‘‘तुझं आडनाव काय गं?’’

ती हसली, पण कप खाली ठेवला. ‘‘खरंच आडनाव विचारतेयस, की दुसरं काही?’’

माझे कान गरम झाले. नियम नंबर तीन! प्रोफेसरबाई पलीकडच्याच टेबलावर होत्या. मी सॉरी सॉरी सुरू केलं, तर तिने हाताने थांबवलं. बोस्नियात सगळ्यांची भाषा जवळपास एकच, चेहरे एकसारखे. माणूस बोश्नियाक मुसलमान आहे, ऑर्थोडॉक्स सर्ब आहे की कॅथलिक क्रोएट, हे कळतं बहुतेक वेळा नावावरून. युद्धात चेकपोस्टवर ओळखपत्र मागितलं जायचं ते त्यासाठीच.

तिचे वडील सर्ब, आई मुसलमान. युद्धाआधीच्या साराजेव्होत अशी लग्नं सर्रास व्हायची, कुणाला त्यात काही वाटत नसे. वेढा पडला तेव्हा वडील शहर सोडून गेले नाहीत. ‘‘वरून तोफा डागणाऱ्यांची आडनावं बाबांसारखी होती आणि त्या तोफगोळ्यांपासून बाबा खाली तळघरात लपत होते.’’ वेढ्यात अडकलेले असे हजारो सर्ब होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. २०१३ला जनगणनेचा माणूस घरी आला, तेव्हा एकाच टेबलावर वडिलांनी ‘सर्ब’ लिहिलं, आईने ‘बोश्नियाक’ आणि हिने ‘इतर’.

हा ‘इतर’ सरकारी शब्द आहे बरं का! १९९५च्या डेटन कराराने युद्ध थांबलं, त्याच करारात देशाची राज्यघटनासुद्धा आली. तिच्यानुसार राष्ट्राध्यक्ष तीन: एक बोश्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. जो स्वतःला यातलं काहीच म्हणत नाही तो ‘इतर’, आणि इतरांना त्या निवडणुकीला उभंच राहता येत नाही. डेर्व्हो सेयदिच हे रोमा आणि याकोब फिन्सी हे ज्यू, दोघे यावर युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २००९ला जिंकले. तरी आम्ही गेलो त्या वर्षापर्यंत घटना तशीच होती. ‘‘म्हणजे मी राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तशी इच्छा नाही म्हणा. पण ऑप्शन तरी द्या!’’

पुढचे दोन दिवस पळापळ. विमानतळाच्या धावपट्टीखालून १९९३ला खणलेला बोगदा पाहिला. लांबी जवळपास आठशे मीटर, त्यातला वीसेक मीटर तुकडा आता बघायला ठेवलाय. उंची इतकी कमी, की माझ्यासारखीलाही मान वाकवावी लागली. वेढ्यातल्या शहरात धान्य, औषधं, बंदुका, विजेची केबल, सगळं याच बिळातून जायचं. आणि इतिहास संग्रहालयाच्या मागे एक स्मारक आहे, ते मला जाम आवडलं. मदत म्हणून मिळालेल्या डबाबंद बीफचा भला मोठा डबा! २००७ला चौथऱ्यावर बसवलाय. खाली लिहिलंय: आंतरराष्ट्रीय समुदायास, साराजेव्होच्या कृतज्ञ नागरिकांकडून. ते मांस कुत्री-मांजरंही खात नव्हती, असं लोक सांगतात. टोमणा असावा तर असा.

मोस्तारचा पूल तुम्ही फोटोत नक्की पाहिला असेल. १५६६चा ऑटोमन काळातला दगडी कमानीचा पूल, ९ नोव्हेंबर १९९३ला क्रोएट सैन्याच्या तोफांनी पाडला आणि २००४ला होता तसाच पुन्हा बांधला. आधी हे दोघे मिळून सर्बांशी लढले, मग एकमेकांशी! पुलावरून पोरं पैसे गोळा करून खाली नेरेत्वा नदीत उड्या मारतात. आमचे सगळे मोबाइल तिकडे रोखलेले. मला मात्र तिथलं जुनं जिम्नॅशियम जास्त लक्षात राहिलंय. ऑस्ट्रियन राजवटीत बांधलेली देखणी, नारिंगी-पिवळी शाळा. एकच इमारत, एकच दार. पण क्रोएट मुलांचा अभ्यासक्रम वेगळा, बोश्नियाक मुलांचा वेगळा. इतिहासाची पुस्तकंही वेगळी. गंमत म्हणजे याच इमारतीत २००६पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. आपल्या मुळशीजवळ जे महिंद्रा कॉलेज आहे ना, त्याचंच भावंड. म्हणजे जगभरातली मुलं इथे येऊन बोस्नियन मुलांबरोबर एका बाकावर बसतात, आणि त्याच छपराखाली गावातली मुलं दोन वेगवेगळे इतिहास पाठ करतात.

‘‘त्यांचा तास संपला की ब्रेकमध्ये तरी भेटतात ना?’’ आमच्यातल्या नायजेरियन मुलीने विचारलं. गाईड म्हणाली, ‘‘भेटतात की. शाळेतल्या बाथरूममध्ये सिगरेट ओढायला.’’

पाचव्या दिवशी स्रेब्रेनित्सा.

साराजेव्होहून तीनेक तासांचा घाटरस्ता. त्या दिवशी बसमध्ये कुणी फारसं बोललं नाही. आमच्यात बेलग्रेडचा एक सर्ब मुलगा होता, एरवी सगळ्यात जास्त बडबड्या. तो पुढच्या सीटवर एकटाच बसला होता. येऊ नकोस असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं, ये असंही नाही.

पोतोचारी हे तिथलं गाव. रस्त्याच्या एका बाजूला जुना बॅटरीचा कारखाना, युनोच्या डच सैनिकांचा तळ तिथेच होता. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या दगडांचं कब्रस्तान. युनोने या भागाला ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलं होतं. जुलै १९९५मध्ये बोस्नियन सर्ब सैन्य आलं, तळाशी आसऱ्याला आलेल्या हजारो लोकांतून पुरुष आणि मुलगे वेगळे केले, आणि काही दिवसांत आठ हजारांहून जास्त जणांना मारलं. २००७ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही याला वंशसंहार म्हटलं. सेनापती म्लादिचची जन्मठेप २०२१ला कायम झाली.

हे आकडे मी वाचून गेले होते. वाचलं नव्हतं ते पुढचं. पुरावा लपवायला मारेकऱ्यांनी काही महिन्यांनी बुलडोझर लावून कबरी उकरल्या आणि मृतदेह दुसरीकडे नेऊन पुरले. त्यात एकेका माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी विखुरली. मग डीएनएवरून ओळख. प्रयोगशाळेतून घरी निरोप येतो, तुमच्या मुलाची दोन हाडं मिळाली. आता आईने ठरवायचं: एवढीच दफन करायची, की बाकीची सापडेपर्यंत थांबायचं? दरवर्षी ११ जुलैला, त्या वर्षी ओळख पटलेल्यांचं दफन होतं. काही आया थांबल्या आहेत.

आत अर्धवर्तुळाकार दगडी भिंतीवर नावं आहेत, आडनावांप्रमाणे लावलेली. एक आडनाव सुरू होतं ते संपतच नाही. खाली, खाली, परत तेच. बाप, मुलगे, काका, चुलतभाऊ. जन्मसालं वेगवेगळी, शेवटचं साल सगळ्यांचं १९९५. मी एका आडनावाची नावं मोजायला लागले. चाळिसाच्या पुढे गेल्यावर चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा चुकले. बाजूच्या दगडावर आकडा कोरलाय, ८३७२, आणि त्याच्यापुढे तीन टिंबं. हिशोब अजून पूर्ण नाही म्हणून.

बेलग्रेडचा मुलगा फाटकापाशीच उभा होता. शेवटी आमची गाईड त्याच्याकडे गेली. दोघांची भाषा एकच, आम्हाला कुणाला कळणारी नाही. पाचेक मिनिटं बोलले असतील. मग तो तिच्याबरोबर आत आला. काय बोललात, असं मी विचारलं नाही. एवढी अक्कल पाच दिवसांत आली होती.

डायरीत मी त्या दिवसाचं पान दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. शेवटी नुसतं लिहिलं: मोजलं, चुकले.

परतीच्या रात्री साराजेव्होच्या बसस्टँडवर ती सोडायला आली होती. बसला अजून वीस मिनिटं होती. मशिनची पुचाट कॉफी पिता पिता एकदम म्हणाली, ‘‘त्या दिवशी माझं विचारलंस. आता तुझं सांग. तुझ्या आडनावातून काय काय कळतं?’’

मी सहज बोटांवर मोजायला लागले. मूळ गाव. जात तर कळतेच, जरा जाणकार माणूस असेल तर पोटजातसुद्धा. घरात मासे शिजतात की नाही. लग्नाचं स्थळ म्हणून कुणी विचारायचं, कुणी नाही. पुण्यात फ्लॅट भाड्याने मागायला गेलं, तर लगेच चावी मिळेल की ‘मालकांना विचारून कळवतो’. दोन्ही हात संपले.

ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. ‘‘एवढं सगळं? एका शब्दात?’’

‘‘हो.’’

‘‘आमच्या आडनावातून एकच गोष्ट कळते,’’ ती म्हणाली.

बस लागली. मी बॅग उचलली. ती काचेपाशी येऊन काहीतरी ओरडत होती, ऐकू येईना म्हणून मी खिडकी सरकवली.

‘‘डायरीत माझं नाव लिहू नकोस हं!’’

नाही लिहिलं. इथेही नाही.